बोटीची तुळस

लग्न होऊन मी फणसवाडीतून लालबागच्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला घरचा एक नियम सांगितला. स्टोव्हवर दूध ठेवलं की त्याच्यापाशी ताटकळत उभं राहायचं नाही, दुसऱ्या कामाला लागायचं. दुधाकडे बाबांचं नाक बघतं. बाबा म्हणजे माझे सासरे. मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून कान अर्धे गेलेले, पण नाक असं तयार की दूध वर यायच्या आधीच ते बसल्या जागेवरून "गो, दूध" एवढंच म्हणत.

पहिल्या पाळीहून सुटून आले की ते जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबत, मान थोडी वर करत आणि तिथूनच जाहीर करत, "पयल्या माळ्यार सुके बोंबील. दुसऱ्यार पिठला लागला. आमच्याकडे वाल." चाळीतली पोरं याचसाठी जिन्याशी गोळा व्हायची आणि वर धावत जाऊन घराघरांत खातरजमा करून यायची. बाबा चुकलेले कोणी पाहिले नव्हते. सासूबाईंची खानावळ होती, गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेले अकरा कामगार आमच्याकडे जेवायचे. त्यांना वाढण्याआधी सासूबाई प्रत्येक पातेल्याचं झाकण बाबांसमोर उघडत आणि बाबा न चाखता सांगत, मीठ कमी आहे. मिठाला कसला वास, असं मी नवी नवरी असूनही बोलून गेले होते. मग आमटी चाखली आणि गप्प बसले.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या भागात जेवणाइतकंच ते रोजचं झालेलं. भिंतीभिंतींवर गेरूने घोषणा, संध्याकाळी कुठे ना कुठे सभा, आणि मोर्चा निघायचा असला की चाळीतल्या बायका सकाळपासून भाकऱ्या थापायला बसत. बाबा एकही सभा चुकवत नसत. गणपतीनंतरच्या अशाच एका मोर्चात अचानक पळापळ झाली, गर्दीत ते पाठीमागे पडले आणि फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं. पाच टाके पडले. चार दिवसांनी इस्पितळातून घरी आले, हसले, चहा प्याले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पाचव्या दिवशी मी दूध ठेवलं आणि नियमाप्रमाणे नळावर गेले. परत आले तर घरभर धूर. पातेलं काळंठिक्कर, आणि त्याच्यापासून दोन हातांवर बाबा पेपर वाचत बसलेले. मी ओरडल्यावर त्यांनी मान वर केली, आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांनाही तेव्हाच कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मागून मार बसला की असं होतं कधीकधी. येईल परत, किंवा नाहीही येणार, वाट बघा. बाबा वाट बघू लागले आणि वाट बघता बघता जेवेनासे झाले. तोंडात माती घोळवल्यासारखं वाटतं म्हणत. तिखट तेवढं जाळायचं, बाकी सगळं सारखंच. पूर्वी तळलेल्या बांगड्याच्या वासावर अर्धी भाकरी संपवणारा माणूस दोन घासांत हात धुऊ लागला. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. सभेला जाणं बंद झालं. जिन्याच्या पायरीवर थांबणंही बंद झालं, आणि पोरं काही दिवस उभी राहून मग आपापल्या खेळाला लागली. मला मात्र राग यायचा. मला तसा राग लवकरच येतो. डॉक्टरांचा यायचा, दुधाचा यायचा आणि सगळ्यांत जास्त नुसत्या वाट बघण्याचा यायचा.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. तो बोटीवर भटारखान्यात कामाला होता, वर्षातून एकदा घरी यायचा. ओवाळलं तेव्हा त्याने ताटात एक रंगीत कागदी पाकीट टाकलं. वर एका झुडपाचं चित्र, खाली इंग्रजीत छापलेलं नाव. सेव्हरी. मी अक्षरं लावून वाचलं आणि वाचता आलं म्हणूनच आधी खूष झाले.

"गोऱ्या लोकांच्या देशात हा पाला वालाघेवड्याच्या उसळीत घालतात," दादा म्हणाला. "आमचा बोटीवरचा म्हातारा भटारी याच्याशिवाय शेंगा शिजवत नाही. वास असा, की मेलेलं नाक उठून बसेल."

तो गंमतीत बोलला होता. बाबांचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मी मात्र ओवाळणीचं ताट तसंच खाली ठेवलं. मेलेलं नाक उठून बसेल! मी त्याला जेवायला वाढायचंच विसरले आणि पाकीट घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले, त्यातलं बी खुळखुळवत.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला मैदानाच्या कडेची माती आणायला पिटाळलं. शेणखत तबेल्यातून. रॉकेलचा एक डबा मधोमध कापून दोन केले. पाकिटात मोहरीहून बारीक दाणे होते. मी कोकणातल्या बापाची मुलगी, बी पेरायचं म्हणजे बोट पेराएवढं मातीत खुपसायचं आणि वर माती दाबायची, एवढं मला पक्कं ठाऊक. अर्धं पाकीट तसं गाडलं. मग रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ डब्यात डोकावायचं. बारा दिवस डोकावले. मातीवर मिलच्या कापसाचे तंतू तेवढे जमा झाले.

दादा बोटीवर परत जायच्या आधी निरोप घ्यायला आला, डब्यात बघून पोट धरून हसला. "वाल पेरलेस काय? अगं, हे वरच टाकायचं. याला उजेड लागतो. आणि पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. भात नव्हे हा."

त्या दिवशी चाळीत तुळशीची लग्नं होती. खाली चौकात मंगलाष्टकं चालली होती, आणि मी वर गॅलरीत उरलेलं बी चिमटीने भुरभुरत होते. आठव्या दिवशी डब्यांत हिरवी धूळ दिसली. मी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग गॅलरीतून अशी धावले की शेजारणीला वाटलं कुणाला तरी पकडून नेलं. मोजली तर तेवीस रोपं. मी आईला, म्हणजे सासूबाईंना, हाताला धरून ओढत आणलं. इतक्या वर्षांच्या त्यांच्या घरात त्यांना असं ओढण्याची हिंमत कोणी केली नसेल, पण मी त्या दिवशी शुद्धीवर नव्हते.

रोपं वाढली. गव्हल्यांसारखी लांबट बारीक पानं, देठाला जांभळी झाक. बोटांत चुरलं की ओवा आणि मिरी एकत्र कुटल्यासारखा वास. मी रोज ओल्या फडक्याने पानांवरचे कापसाचे तंतू टिपायची. बाबा पाळीला जाताना माझी ही धडपड बघत आणि काही न बोलता चपला घालत. मी त्यांच्या नाकाशी पान धरलं नव्हतं. पुरतं वाढू दे, वासाला जोर येऊ दे, मग त्याच्याच उसळीचं ताट त्यांच्यासमोर ठेवायचं, असा माझा बेत होता. रात्री डोळे मिटले की मला तेच ताट दिसायचं.

आणि एका सकाळी पाहते तर दोन्ही डब्यांना हळदकुंकू. समोर उदबत्ती, आणि सासूबाई हात जोडून उभ्या.

"ही तुळशीचीच भयण," त्या म्हणाल्या. "तुळशीच्या लग्नादिवशी पेरलंस, वास बघ कसो आसा. दाराशी असा झाड उगाच येणा नाय. मी बोललंय तिका. ह्यांचा नाक उघडल्याशिवाय हिचा एक पान खुडूचा नाय."

मी म्हटलं, "अहो आई, ती खायची आहे. बाबांनाच घालायची आहे."

"नवस बोललंय," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

म्हणजे झालं असं, की मला बाबांच्या नाकासाठी पानं खुडायची होती आणि त्यांना बाबांच्या नाकासाठीच ती खुडू द्यायची नव्हती. नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं तर ते म्हणाले, आई सांगते ते कर आणि तुला हवं तेही कर. असा सल्ला देऊन माणूस दुसऱ्या पाळीला निघून गेला.

बातमी पसरायला चाळीत काय वेळ. 'बोटीची तुळस' हे नाव दोन दिवसांत पडलं. सकाळी आंघोळ करून बायका यायच्या, गॅलरी अरुंद म्हणून डब्याभोवती फिरता येत नसे, तर जागच्या जागी स्वतःभोवती गिरक्या घ्यायच्या. कुणाला नोकरी हवी होती, कुणाला मूल, आणि दोघीतिघींनी मुंबई महाराष्ट्रात राहू दे म्हणूनही हात जोडले. इथवर माझी हरकत नव्हती. पण प्रत्येकीच्या हातात तांब्या, आणि प्रत्येकीचा अख्खा तांब्या डब्यात. दादाने बजावलं होतं, ओतायचं नाही. माझी रोपं भक्तीत बुडायला लागली.

मी खिळ्याने डब्यांच्या तळाला भोकं पाडली. तर खालच्या माळ्यावरची बाई वर आली, "तुमची बोटीची तुळस आमच्या पापडांवर गळतेय." भोकांखाली परात ठेवली. मग पाणी परातीत राहिलं आणि मातीही ओलीच राहिली. एका डब्यातली पानं पिवळी पडली, देठ बुडाशी मऊ झाले, आणि आठवड्याभरात तो डबा बसला. हळदकुंकवाचा चिखल तेवढा उरला. त्या दिवशी मी सासूबाईंना नको ते बोलले. म्हटलं, तुमच्या नवसाने बाबांचं औषध मारलं. त्या वाल सोलत बसल्या होत्या, सोलतच राहिल्या, पण एका वालावर त्यांचा हात बराच वेळ थांबला होता. मला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही.

त्यानंतर मी बायका उठायच्या आत, अंधुक उजेडातच, जिवंत डबा उचलून गॅलरीच्या त्या टोकाला नेऊन ठेवायची, जिथे सकाळचं ऊन यायचं. दाराशी मेलेला डबा. बायका त्यात पाणी ओतत, गिरक्या घेत, समाधानाने जात. काहीजणींना फसवाफसवी कळली असावी, पण कोणी बोललं नाही. माझी दहा रोपं वाचली. वीतभर वाढली, मग दीड वीत. आणि मग शेंड्यांत बारीक कळ्या दिसल्या. दादाचं पत्र आलं होतं त्यात लिहिलं होतं, फुलं धरायच्या आत खुडा, फुलल्यावर पाल्यात जोर राहत नाही. माझ्याजवळ फार तर चार दिवस होते. मी सासूबाईंशी अबोला धरून बसले होते, आणि नवस त्यांचा होता.

बाबांनी हे सगळं बघितलं होतं. दोन बायका एका घरात एकमेकींशी बोलत नाहीत आणि दोघींची मान डब्याकडे, हे न कळण्याइतके ते बहिरे नव्हते. दुसऱ्या दिवशी पाळीला निघताना ते दाराशी थांबले. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. सासूबाई दिवा घेऊन उंबऱ्यात उभ्या, त्यांच्या मागे मी. बाबा वाकले, दाराशी ठेवलेल्या डब्यावर नाक नेलं, लांब श्वास घेतला.

"येता गो वास," ते म्हणाले. "जरासो, पण येता."

सासूबाईंच्या हातातल्या दिव्याचा उजेड त्या डब्यात पडला होता. डब्यात चिखल होता आणि काल कुणीतरी वाहिलेली दोन झेंडूची फुलं. दुसरं काही नव्हतं. जिवंत डबा तर मी अर्ध्या तासापूर्वीच त्या टोकाला नेला होता. मी सासूबाईंच्या पाठीकडे पाहत राहिले. बाबांनी आमच्याकडे न बघता चपला घातल्या आणि जिना उतरले.

मी रडणार होते. आमच्या भांडणापायी त्या माणसाने खोटं बोलावं, याची मला इतकी लाज वाटली. तेवढ्यात सासूबाई वळल्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आयकलंस मा? वास येता म्हणाले. नवस फिटलो. कात्री हाड."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी डबा पाहिला होता, मी पाहिला होता, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. "हाड गो कात्री," त्या पुन्हा म्हणाल्या, "नायतर फुलात आता."

म्हणजे कळ्यांवर त्यांचाही डोळा होता. मी कात्री आणायला अशी धावले की पाटाला पाय ठेचला.

त्या दिवशी आमच्या घरात सण होता. पहिला शेंडा देवाला, मग सासूबाईंनी स्वतः दहाही रोपांचे शेंडे एकेक करून कापले, कापताना प्रत्येकाला आधी हात जोडून. अकरा माणसांचे वाल सोलून तयार होते. उसळीत नारळ पडला, कोकम पडलं, आणि अगदी शेवटी तो चिरलेला पाला. झाकण ठेवलं, दोन मिनिटांनी काढलं, आणि तो वास आमच्या खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात उतरला. बायका दारात आल्या. खालची पापडवाली वाटी घेऊनच आली. प्रसाद म्हणून सगळ्यांना चमचा चमचा वाटताना मला हसू आवरत नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं.

दुपारी बाबा आले. जिन्याच्या पायरीवर थांबले नाहीत, सरळ वर आले, पाटावर बसले. मी ताट ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उसळीला लावला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"ह्या काय घातलंस गो?"

सासूबाईंनी ताटात आणखी एक डाव उसळ वाढली.

"मिरचेचा नाय ह्या." त्यांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली. दुसरा घास घेतला, या वेळी पाला वेचून. "जिभेक झोंबता. थंड लागता, मागसून गरम. कितक्या दिवसांनी तोंडात कायतरी आसा असा वाटला." मग हातातला घास तसाच धरून ते सासूबाईंना म्हणाले, "वास नाय येणा गो. सकाळी मी खोटा बोललंय."

"माका म्हायत आसा," सासूबाई म्हणाल्या. "जेवा आता."

ते जेवले. तीन भाकऱ्या जेवले. मी मोजल्या, आणि मोजताना मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन पदराने तोंड दाबलं. जेवण झाल्यावर त्यांनी खुंटीवरची टोपी मागितली. संध्याकाळी सभा होती.

त्यांचं नाक पुढे कधीच परत आलं नाही. पण वालात, चवळीत, घेवड्यात तो पाला पडला की ते पोटभर जेवत, आणि अंग पुन्हा भरलं. दोन रोपं मी फुलू दिली, बी धरलं. मुंबईसह महाराष्ट्र झाला, चाळीच्या प्रत्येक कठड्यावर पणत्या लागल्या, आणि पुढच्या थंडीत मी पुन्हा पेरलं. या खेपेला तांब्यांच्या भीतीने डबे गॅलरीच्या कठड्याला बाहेरून टांगले.

त्या हिवाळ्यातली एक दुपार. मी आत भाकऱ्या थापत होते आणि खालून, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून, आवाज आला, "आमच्याकडे वाल." हातातली भाकरी सोडून मी गॅलरीत धावले. पोरं जिना चढून खातरजमा करायला येत होती. चाळभर झालं, नाक आलं परत. बाबा वर आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. मग माझ्या लक्षात आलं. कठड्याबाहेरचे डबे खालच्या रस्त्यावरून दिसत, आणि वालासाठी सकाळी शेंडे खुडलेले असले तर तेही.

पुढच्या वेळी वाल भिजवले होते. मी कात्री घेऊन कठड्याशी गेले आणि हाताशी येणारे आतल्या बाजूचे शेंडे कापायला लागले. सासूबाई मागे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भायल्या अंगाचे खूड गो. रस्त्यासून दिसतले असे."